मेश्राम मॅडमचं दगडी कॉलेज

मेअखेरचा नवतपा सुरू होता. हायवेवरचं डांबर चपलेला चिकटत होतं, साकोलीच्या बसस्टँडवरची कुत्रीसुद्धा रसवंतीच्या बाकाखालून हलत नव्हती, आणि मेश्राम मॅडम स्वेटर घालून बसल्या होत्या.

नुसता स्वेटर नाही. त्यावर गुडघ्यापर्यंत लांब काळा कोट, गळ्याला मफलर, पायांत लोकरी मोजे. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलर पुरा सोडलेला. मी प्रयोगशाळेची किल्ली द्यायला त्यांच्या खोलीवर गेलो होतो. दारातच थबकलो.

"मॅडम, ताप आला का?"

"नाही जी सर. बर्फ पडून राहिला."

"कुठं?"

त्यांनी मांडीवरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक वर करून दाखवलं. "इथं. नदी गोठली. पोरं बर्फावरून चालत लायब्ररीत चालली. आता अशात सुती गाऊन घालून वाचनं बरं दिसते का, तुम्हीच सांगा."

 किल्ली ठेवली, पाणी प्यालो आणि निघालो. जिना उतरेपर्यंत शर्ट घामानं भिजला. या उन्हात त्या बाईंनी आपल्यापुरता हिवाळा करून घेतला होता, आणि मला त्यांचा थोडा हेवाच वाटला.

मेश्राम मॅडम आमच्या ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. मी मराठी. गोंदिया वेगळा होऊन भंडारा जिल्हा अर्धा उरला, त्या सुमाराला त्या नोकरीला लागल्या. मूळ गाव पवनीकडचं कोंढा. वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव वैनगंगेत सोडून आले, आणि तेव्हापासून त्या घरात भूत, भगत, गंडा, दोरा यांना जागा उरली नाही. मॅडमचं लग्न झालेलं नाही. का, ते कोणी विचारत नाही, कारण प्रश्न विचारण्याचं काम त्या स्वतःकडे ठेवतात. वर्गात छापील मराठी, वर्गाबाहेर पाऊल पडलं की अस्सल झाडीपट्टीची बोली.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न आहे. "ऊर्जा कुठून आली?"

कोणी सांगितलं की अमुक बाबांनी हात फिरवला आणि गुडघा बरा झाला, की मॅडम विचारणार, "ठीक आहे. ऊर्जा कुठून आली?" कोणी म्हणालं, सासूची नजर लागून दूध नासलं, तर "नजरेत एवढी ऊर्जा आली कुठून? मग गॅस कायले घेता?" एकदा बोलता बोलता मी म्हणून गेलो की आज माझं नशीबच खराब आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नशिबाचं एकक काय सर? मीटरमध्ये मोजता का किलोमध्ये?"

दर वर्षी विज्ञान दिनाला त्या आसपासच्या गावांत जाऊन नारळातून आग काढून दाखवतात, लिंबातून रक्त काढून दाखवतात, आणि मग त्यामागची रसायनं सांगतात. एका गावात कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे पुढं आले आणि हात जोडून म्हणाले, "बाई, आमच्या भगतापेक्षा तुमचाच नारळ चांगला पेटते. अमावस्येले येता का?" मॅडम परतीच्या गाडीत सानगडी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

प्राचार्यांनी नवी गाडी घेतली आणि पुढं लिंबू-मिरची बांधली, तेव्हा मॅडमनी मधल्या सुट्टीत ती सोडून आणली. लिंबाचं सरबत केलं, मिरच्या स्टाफरूमच्या पोह्यांत गेल्या. प्राचार्यांनी दोन्हीची तारीफ केली. घरी जाताना गाडीपुढं उभे राहिले तेव्हा त्यांना कळलं.

आता अशा बाईंच्या हाती ते पुस्तक लागलं.

त्यांची भाची, भावाची मुलगी, पुण्याला इंजिनियरिंगला आहे. ती दिवाळीत आली आणि जाताना एक कादंबरी विसरून गेली. वर कवटी, कवटीवर मेणबत्ती, मागं उंच दगडी कमानींचं विद्यापीठ. आत जुन्या भाषा शिकणारी सात-आठ पोरं, त्यांची एक गुप्त मंडळी, आणि लायब्ररीच्या तळघरातली मंत्रतंत्रांची पोथी. मॅडमनी पेन्सिल घेतली. पुस्तकातल्या सगळ्या चुका काढून भाचीला परत पाठवायच्या, एवढाच विचार होता.

ते पुस्तक पुढं मी वाचलं, म्हणून समासातले शेरे मला माहीत आहेत. सुरुवातीला सगळे फिजिक्सचे. "मेणबत्ती एवढा वेळ टिकत नाही." "माणूस हवेत तरंगला? वजन कुठं गेलं?" मग मध्येच सूर बदलतो. "हिनं याला सांगून का टाकलं नाही?" "सरांवर विश्वास ठेवू नका रे पोरांनो." आणि शेवटच्या पानाखाली नुसतं, "अरेरे."

भाचीला पुस्तक परत गेलं नाही. उलट भाचीला फोन गेला, की असलं आणखी काही आहे का.

होतं. ढीगभर होतं. पार्सलं यायला लागली. सगळ्या पुस्तकांची तऱ्हा थोड्याफार फरकानं तीच. दगडी कॉलेज, धुकं, हिवाळा, लांब कोट, शाई सांडलेली बोटं, एक फार हुशार आणि फार वाईट प्रोफेसर, आणि पोरांच्या हातून मंत्र म्हणताना झालेली काहीतरी भयंकर चूक. मी इंग्रजीशी झटापट करत दोन-तीन वाचली. मला भीती वाटली, थोडी झोपही आली.

"मॅडम, यात तर आत्मे आहेत, चेटूक आहे. तुम्ही हे मानता?"

"मानत नाही. वाचते."

"पण यात आवडण्यासारखं काय आहे?"

त्या विचार करायला थांबल्या. हे क्वचित होतं. "सर, त्या पोरांकडं पाहा. शिकायसाठी जीव द्यायले तयार आहेत. आपल्याकडं हजेरीसाठी देतात." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "आणि ते टेबल. एक लांब टेबल आहे, चार-पाच जण बसले आहेत, बाहेर मरणाची थंडी आहे, आणि कोणालेच घरी जायची घाई नाही. मंत्राचं काय घेऊन बसले तुम्ही? मले तर ते टेबल आवडते."

ते टेबल त्यांनी साकोलीत आणायचा प्रयत्न केला. नागपूरला जाऊन तिबेटी स्वेटरवाल्यांकडून तो काळा कोट आणला. बिनदुधाचा चहा प्यायला लागल्या आणि प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करायला लागल्या. मग प्राचार्यांकडे जाऊन म्हणाल्या, की दर गुरुवारी दुपारी लायब्ररीत स्टाफनं एकत्र बसायचं.

"विषय काय?" प्राचार्य.

"काहीच नाही. नुसतं बोलायचं."

"मग इतिवृत्त कशाचं लिहायचं?"

पहिल्या गुरुवारी मी गेलो. केमिस्ट्रीचे सर आले, पण त्यांना वाटलं होतं पतसंस्थेची बैठक आहे. ते समोसा खाऊन गेले. मॅडमनी विषय काढला, की ज्ञानासाठी माणसानं कुठपर्यंत जावं. मी म्हणालो, मला तर आज पाचच्या बसनं सानगडीला जायचं आहे, आईला डॉक्टरकडं न्यायचं आहे. "जा जा," त्या म्हणाल्या. मी वळून पाहिलं तर त्या लांब टेबलाशी एकट्याच बसून पुस्तक काढत होत्या. पुढच्या गुरुवारी लायब्ररीत मतदार याद्यांचं काम निघालं आणि ती मंडळी तिथंच विसर्जित झाली.

मॅडम राहतात बहेकारांच्या घरी, माडीवर. बाहेरून जिना आहे. खाली बहेकार काका-काकू. धानाची शेती सानगडी रोडला. काकूंचं माहेर सानगडीचं, मीही सानगडीचा, त्यामुळे त्यांच्या लेखी मी भाऊ. त्यांची मुलगी नंदा त्या वर्षी माहेरी होती. पहिलं बाळंतपण. मुलगी झाली, पण बाळ दवाखान्यातून घरी आलंच नाही. त्यानंतर नंदा बोलेनाशी झाली. विचारलं तर हो किंवा नाही, तेही मानेनं. जावई दोनदा न्यायला आले, दोन्ही वेळा तिनं भिंतीकडं तोंड केलं. काकूंनी सगळं करून पाहिलं होतं. डॉक्टर, देवी, अंगारा, कोंबडा. मॅडमना न कळू देता.

आणि त्याच उन्हाळ्यात ते वर्तुळ झालं.

मॅडम भाचीचं ते पहिलं पुस्तक पुन्हा वाचत होत्या. त्यात असं होतं, की सात जण खडूच्या एका वर्तुळात गुडघ्याला गुडघा लावून बसतात आणि मंत्र म्हणतात. वर्तुळाचं माप दिलेलं होतं. मॅडमना ते पटेना. एवढ्याशा जागेत सात माणसं बसतीलच कशी? त्यांनी फरशीवर खडूनं मापात वर्तुळ काढलं, माणसांच्या जागी स्टीलचे डबे मांडले, आणि स्वतः मध्ये बसून पाहिलं. दुपारची वेळ. लाइट गेलेली. खिडक्या उन्हामुळे बंद, म्हणून मेणबत्ती. अंगात तो कोट. बसल्या बसल्या मंत्र कसा वाटतो तेही पाहावं, म्हणून त्या मेलेल्या भाषेतल्या ओळी मोठ्यानं वाचत होत्या.

काकू कुरड्या वाळत टाकायला गच्चीवर निघाल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं.

कुरड्यांचं ताट जिन्यावरून घरंगळत खाली अंगणात गेलं, आणि मागोमाग काकू.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या वॉर्डात बोभाटा झाला. वर बाई मंत्र म्हणते, म्हणून खाली पोरगी मुकी झाली. मॅडमकडं ट्यूशनला येणाऱ्या मुली यायच्या थांबल्या. दूधवाला बाटली जिन्याखालीच ठेवून जायला लागला. कोणीतरी कठड्याला बिब्बा आणि लिंबू बांधून गेलं. बहेकार काका सज्जन माणूस. ते वर गेले, खूप वेळ पावसापाण्याचं बोलले, आणि शेवटी जमिनीकडं पाहत म्हणाले, की खोली पाहिजे होती, पाहुणे येणार आहेत.

मी हसतच गेलो. उभ्या जिल्ह्यात जादूटोण्याविरुद्ध भाषणं देणाऱ्या बाईवर करणीचा आरोप, यापेक्षा गमतीचं काय असणार? मला वाटलं, मॅडम आता कोट खुंटीला टांगून खाली उतरतील आणि सगळ्या वॉर्डाला ऊर्जेचा प्रश्न विचारतील.

त्या पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. कूलर बंद होता. खोलीत भट्टीसारखं झालं होतं आणि त्यांच्या ते लक्षातही आलेलं दिसत नव्हतं.

"मॅडम, कायदा आहे आता. पोलिसांत सांगू."

"आणि पोलीस आणून काकूले काय शिकवू?"

"मग तुम्हीच समजावून सांगा ना. एवढ्या गावांत सांगता."

"गावात सांगनं सोपं असते सर. सांगून गाडीत बसून निघून येता येते." त्या हाताच्या नखांवरचा खडू काढत होत्या. "लिंबाचं मले काही नाही. पण नंदा, ते लेकरू, खाली एकटं बसून राहते, आणि त्याच्या दुखण्यात माझं नाव आलं. हे नाही सहन होत."

मी खाली काकूंकडं गेलो. त्या मला पाहून चुलीकडं वळल्या.

"काकू, तुम्ही म्हणता तसं नाही ते. त्या पुस्तकातली गोष्ट करून पाहत होत्या."

"तुम्ही नका सांगू भाऊ. मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. काळे कपडे, मेणबत्ती, आन् काय काय बरळत होती."

"मग पुन्हा एकदा डोळ्यानं पाहा. माझ्यासोबत चला वर. दिवसाढवळ्या. काही झालं तर आधी मला होईल."

माहेरच्या माणसाचा शब्द म्हणून असेल, त्या उठल्या. जिना चढताना माझा शर्ट मागून धरला होता.

मॅडम उभ्या राहिल्या. मला वाटलं रसायनशास्त्र निघेल. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, पुस्तक घेतलं आणि म्हणाल्या, "बसा काकू. मी काय म्हणत होती ते सगळं सांगते. पहिल्या पानापासून."

आणि त्यांनी ती कादंबरी सांगायला सुरुवात केली. आपल्या बोलीत. एडमंडचा एकनाथ झाला, क्लाराची कलावती झाली. विद्यापीठ तेच राहिलं, दगडी, पण त्याच्यामागची नदी ऐकताना वैनगंगेसारखी वाटायला लागली, फक्त गोठलेली. काकू आधी खुर्चीच्या टोकावर होत्या. थोड्या वेळानं मागं टेकल्या.

"या पोट्ट्यांच्या मायबापाले माहीत हाय का हे?"

"नाही ना काकू. तेच तर."

"आन् एवढ्या थंडीत आंघोळ करतेत का जी?"

"ते लिहिलं नाही पुस्तकात."

"नसनच करत." मग जरा वेळानं, "तो काळ्या कोटवाला मास्तर मले बरा नाही वाटून राहिला."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत जो आनंद होता तो मी विज्ञान दिनाच्या टाळ्यांतही पाहिला नव्हता. "काकू, मी हे समासात लिहून ठेवलं आहे!"

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू स्वतःहून वर आल्या. "ते कलावती रुसून गेली होती, तिचं काय झालं?" तिसऱ्या वेळी शेजारच्या दोघींना घेऊन आल्या, आणि त्यांना जिन्यावरच बजावलं, "करणीगिरणी काही नोहे. स्टोरी हाय. गप बसून आयकाची." आठवडा उलटेपर्यंत चारच्या सुमाराला मॅडमच्या खोलीत सात-आठ बाया जमायला लागल्या. कोणी लाखोळीची डाळ निवडतेय, कोणी वाती वळतेय, कोणी नुसतीच ऐकतेय. कूलरला दोन बादल्या पाणी काकू स्वतः टाकायच्या. कॉलेजला सुट्ट्या होत्या, मीही जायचो आणि दाराजवळ बसायचो. खोलीत टेबल नव्हतं, सगळ्या खाली सतरंजीवर असायच्या. पण कोणालाच घरी जायची घाई नव्हती. एकनाथ खरा की खोटा यावरून दोघींचं असं भांडण झालं, की एकीनं दुसरीचं उसनं नेलेलं सूप परत मागितलं.

नंदा आधी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. कोणी पाहिलं की उठून जायची. मग वरच्या पायरीवर यायला लागली. मग एके दिवशी दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली. काकूंनी सगळ्यांना डोळ्यांनी दटावलं, की तिच्याकडं कोणी पाहायचं नाही. मॅडमनी आवाज थोडा मोठा केला, बाकी काही दाखवलं नाही.

आणि मग कलावती मेली. नदीचा बर्फ फुटला आणि ती खाली गेली. बाया हळहळल्या. एकीनं डोळ्याला पदर लावला. बाकीची पोरं रडली, भांडली, आणि मग ती तळघरातली पोथी उघडून बसली. कलावतीला परत बोलवायचं. खडूचं वर्तुळ, मेणबत्त्या, मंत्र. मॅडम सांगत होत्या आणि लाखोळीची सुपं बाजूला सरकली होती.

"मग येते का जी ते?"

आवाज इतका बसलेला होता, की कोण बोललं ते आधी कळलंच नाही. मग सगळ्यांनी भिंतीकडं पाहिलं. नंदा मॅडमकडं पाहत होती.

मॅडमनी पुस्तकात बोट घालून ते मिटलं. "पुस्तकात येते."

"आन् खरं?"

या प्रश्नाचं उत्तर त्या बाईंनी माइकवर, शेकडो माणसांसमोर, अर्ध्या वाक्यात दिलेलं आहे. आता त्यांनी चष्मा काढला, कोटाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला. नंदाच्या मागून काकू हातानं खुणा करत होत्या. हो म्हणा. हो म्हणा ना.

"खरं नाही येत, नंदा."

काकूंचा हात खाली गेला.

"माझी एक बहीण होती," मॅडम म्हणाल्या. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून मला हे माहीत नव्हतं. "प्रभा. पाठची. तिच्यासाठी मी एक वर्ष घरी थांबली आणि दोघी सोबतच नागपूरले शिकायले गेलो. हॉस्टेलची एक खोली. लायब्ररीत एक टेबल. ते माझ्यापेक्षा हुशार होती. मी लिहीत होती, आणि ते वाद घालत होती. लायब्ररी बंद होईपर्यंत. हिवाळ्यात तिले कावीळ झाली. कोंढ्याले आणलं. अर्धं गाव म्हणे, भगताकडं न्या, उतरवून घ्या. बाबा म्हणाले, दवाखाना. बाबांचं बरोबर होतं." त्यांनी कोट गुडघ्यांवर ओढून घेतला. "बाबांचं बरोबर होतं. तरी प्रभा गेली."

एकीनं हातातली वात खाली ठेवली.

"मग लोक म्हणत, भगताकडं नेलं असतं तर वाचली असती. बाबा मरेपर्यंत हे ऐकत राहिले. मी परत गेली, परीक्षा होती. तिच्या खुर्चीवर माझी बॅग ठेवत होती. कोणी विचारलं, इथं कोणी बसलं आहे का, तर मी हो म्हणत होती." त्यांनी मांडीवरच्या पुस्तकावर हात फिरवला. "मले माहीत आहे, येत नाही ते. एवढ्या पुस्तकांतला एकही मंत्र खरा नाही. पण त्यात कोणीतरी हट्ट करून बसते ना, की आमचं माणूस आम्ही असं जाऊ देणार नाही. ते वाचायले बरं वाटते. बस, तेवढंच."

नंदा उठली आणि खाली निघून गेली.

काकू तिच्यामागं जाताना दारात वळल्या. "काय गरज होती जी मॅडम? एक दिवस खोटं बोलता नोहतं येत का?" बायांनी आपापली सुपं उचलली. मीही उठलो. मॅडम तशाच बसून होत्या.

दुसऱ्या दिवशी चारला कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. खालच्या खोलीचं दार लावलेलं. मॅडमचा मला फोन आला, की किराणा दुकानातून रिकामी खोकी मिळतील का, पुस्तकं भरायची आहेत. खोली सोडते म्हणाल्या. मी समजावून पाहिलं. "नाही सर. काकूचं बरोबर आहे. मी त्या लेकराले पेपर तपासल्यासारखं उत्तर दिलं. चुकीचं नव्हतं, पण तिले ते पाहिजे होतं का, हे मी विचारलं नाही." मी खोकी आणतो म्हणालो.

खोकी घेऊन मी संध्याकाळकडं गेलो. जिन्याच्या खालच्या पायरीवर बहेकार काकू बसल्या होत्या. शेजारी ताटात चहाचे दोन कप. दोन्हींवर साय धरलेली. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि हातानं अडवलं.

"थांबा जी भाऊ. आता नका जाऊ वर."

"काय झालं?"

"माझी पोरगी बोलून राहिली."

मी ऐकलं. वरून आवाज येत होता. बसलेला, तुटक, मध्येच थांबणारा, पण थांबून पुन्हा सुरू होणारा. शब्द सगळे कळत नव्हते. केसांचं काहीतरी. डोक्यावर एवढे केस होते जी. मूठ अशी गच्च मिटलेली. त्यांनी गुंडाळून नेली, मले नीट पाहूही दिली नाही. मग मॅडमचा आवाज, अगदी हळू, काहीतरी विचारणारा.

"जुई," नंदा म्हणाली. "मी मनातच ठेवलं होतं. कोणी विचारलंच नाही, तर सांगू कोणाले?"

काकूंनी माझ्याकडं पाहिलं.

"नाव ठेवलं होतं तिनं," त्या म्हणाल्या. "मले माहीतच नोहतं. मी आजी हाय ना जी."

मी खोकी आवाज न करता भिंतीशी ठेवली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. काकूंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या पदरातच ते नाव एकदा म्हणून पाहिलं. वर मॅडम विचारत होत्या, "आणि नाक? नाक कोणावर गेलं होतं?"

नंदा सांगत होती.